बंद घरांची वही

१५ एप्रिल २०२४, सोमवार

नऊ वाजले आणि फोन सुरू. १ एप्रिलपासून नियम बदललाय. आधी घर दोन वर्षं रिकामं राहिलं की कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, दुप्पट लावता यायचा, आता एकाच वर्षानंतर लावता येतो. पाच वर्षांनी तिप्पट आणि दहा वर्षांनी चौपट, ते जुनंच. २०२३ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना ही मुभा दिली आणि आमच्या कौन्सिलने पहिल्याच दिवशी ती उचलली. बिलं मार्चमध्येच गेली होती. लोकांनी पाकिटं आता फोडली.

चिडलेली माणसं मला चालतात. चिडतो तो फोन करतो. फोन आला म्हणजे माणूस आहे, नंबर मिळाला, निम्मं काम झालं. डोकेदुखी असते ती ज्या घरातून हूं की चूं येत नाही त्याची.

आईला माझा हुद्दा अजून कळलेला नाही. एम्प्टी होम्स ऑफिसर. "म्हणजे बंद घरांची राखण करतेस?" राखण नाही गं, ती उघडायला लावते. "कुणाला विचारून?" सतरा वर्षांच्या नोकरीचं सार तिने दोन शब्दांत सांगितलं. कुणाला विचारून, हेच तर शोधत असते मी.

दुपारी टॅक्स विभागाकडून नवी यादी आली. एकेकाळी हीच यादी शेजारच्या टेबलावर असून मागता येत नव्हती, टॅक्सची माहिती टॅक्सपुरतीच. २००३ च्या कायद्याने रिकामी घरं शोधण्यासाठी त्यातली नावं आणि पत्ते वापरायची परवानगी दिली. तेवढीच. कुणाची किती थकबाकी आहे वगैरे मला विचारता येत नाही, आणि मी विचारतही नाही.

२ मे, गुरुवार

पायी फेरी. यादीतल्या नऊ घरांवर जाऊन आले. तीन रिकामी नव्हतीच. एकाच्या मागच्या दोरीवर शाळेचे गणवेश वाळत होते, एकीकडे आतून कुत्रा भुंकला, तिसऱ्या दारात बाईंनीच चहा विचारला. लोक राहायला येतात आणि कौन्सिलला कळवायचं राहून जातं, किंवा टॅक्सवाल्यांकडचा फॉर्म कुठेतरी अडकतो. दुरुस्तीच्या नोंदी पाठवल्या.

एक दुकानावरचा फ्लॅट. त्यावर जायचा जिना दुकानाच्या गल्ल्यामागून आहे. दुकानदाराला भाडेकरू आपल्या दुकानातून ये-जा करायला नको, आणि बाहेरून जिना काढायला मागे जागा नाही. अशा फ्लॅटला टॅक्स कितीही लावा, जिना काही हलत नाही. बाजूला ठेवलं.

११ जून, मंगळवार

तक्रार आली ती रिकाम्या घराबद्दल नव्हतीच, ओलीबद्दल होती. एका लांब विटांच्या ओळीतल्या शेवटून दुसऱ्या घरात राहणाऱ्या बाई, सत्तरीच्या पुढच्या. हॉलमधला सोफा त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलाय. मागे कागदाचे पोपडे, आणि छताखाली पन्हळीच्या रेषेत तपकिरी डाग. भिंत सामायिक, पलीकडे कोपऱ्याचं घर.

"तिथं कोण राहतं?" मी विचारलं.

"कबुतरं," बाई म्हणाल्या. "ते गेले २०१३ साली. एकटेच होते. एक बहीण होती, तिची मुलगी कॅनडात. ख्रिसमसला कार्ड यायचं."

बाहेरून पाहिलं. पन्हळीत गवत नाही, चांगलं मनगटाएवढं झाड आहे. वरच्या खिडकीची एक काच गेलीय. दार मात्र जसंच्या तसं, रंगसुद्धा टिकलाय, म्हणून अकरा वर्षांत कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही.

ऑफिसात आले आणि यादीत हे घर शोधलं. नाही. अधिभाराच्या यादीत नाही, एक वर्षाच्या नाही, दहा वर्षांच्याही नाही. टॅक्सवाल्या सहकारीने स्क्रीनवर बोट ठेवलं: क्लास एफ. मालक वारला, प्रोबेट, म्हणजे त्याची मालमत्ता हाताळायची कोर्टाची परवानगी, निघालेलं नाही, तर घर करमुक्त. प्रोबेट निघाल्यावर आणखी सहा महिने सूट आणि मग कर सुरू. पण प्रोबेट निघालंच नाही तर? तर सूट चालूच. अकरा वर्षं शून्य रकमेचा हिशेब, कुणाचीही थकबाकी नाही, म्हणून कुणाचं लक्षही नाही. घर रिकामं ठेवणाऱ्याला झोंबावा म्हणून केलेला सगळा कायदा या घराच्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला.

मालकीचा उतारा मागवला. नोंदच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे विक्रीच्या वेळी लँड रजिस्ट्रीत नोंद सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. त्याआधी घेतलेलं आणि पुन्हा न विकलेलं घर कागदावर दिसत नाही, त्याचे मूळ दस्तऐवज कुठल्यातरी कपाटात नाहीतर वकिलाच्या तिजोरीत.

२३ जुलै, मंगळवार

एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त ओरडलेले गृहस्थ शेवटी भेटले. आईचं घर. ती जाऊन तीन वर्षं झाली, प्रोबेट वेळेवर काढलं, सगळं रीतसर. दर रविवारी तासभर गाडी चालवून येतात, गवत कापतात, प्रत्येक नळ मिनिटभर सोडतात, न वापरलेल्या बेसिनचा सापळा कोरडा पडून घाण वास येऊ नये म्हणून. मीटरचं रीडिंग घेऊन एका वहीत लिहितात. वही पाहिली. तीन वर्षांची आकड्यांची रांग, शेवटचे दोन आकडे तेवढे सरकलेले.

घर चांगलं आहे. वायरिंग जुनं, फ्यूजची पेटी लाकडी पाटावर, छताला तो खडबडीत लेप ज्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा छिद्र पाडण्याआधी तपासावं लागेल. भाड्याने द्यायचं तर ऊर्जा प्रमाणपत्रात किमान 'ई' श्रेणी हवी. हे सगळं होण्यासारखं आहे. कौन्सिलचं बिनव्याजी कर्ज सांगितलं, घर काही वर्षं आमच्या प्रतीक्षायादीतल्या कुटुंबाला द्यायच्या अटीवर मिळणारं अनुदानही सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुप्पट कर भरतो मी. भरलाय. मग आता तुमची अडचण काय?"

या प्रश्नाला नियमात उत्तर नाही. कर भरला की त्यांच्या लेखी व्यवहार मिटला, उलट रिकामं ठेवण्याचा हक्कच विकत घेतल्यासारखं झालं.

माझं आजोळचं घर असंच आहे. कोकणात, कुलूपबंद, सातबाऱ्यावर चौदा नावं. दर मे महिन्यात कुणीतरी जाऊन झाडून येतं आणि फोटो टाकतं. त्यामुळे या माणसाला वेडा म्हणायचं माझं धाडस झालं नाही. नोंदीत लिहिलं: 'मालक सहकार्य करतात. घर सुस्थितीत. प्रगती नाही.'

९ सप्टेंबर, सोमवार

समितीची बैठक. एका नगरसेवकांनी पुन्हा तेच विचारलं, एक पौंडात घरं का विकत नाही आपण? लिव्हरपूलने केलं, स्टोकने केलं.

केलं खरं, २०१३ मध्ये. स्टोकमध्ये घरासोबत दुरुस्तीसाठी ३०,००० पौंडांपर्यंत कर्ज दिलं, लिव्हरपूलमध्ये घेणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करून पाच वर्षं तिथंच राहायचं. पण ती घरं आली कुठून? २००२ पासून उत्तरेतल्या शहरांत जुन्या वस्त्या पाडून नव्या बांधायची सरकारी योजना होती. गल्ल्याच्या गल्ल्या विकत घेऊन, लोकांना हलवून, खिडक्यांना पत्रे ठोकून ठेवल्या, आणि २०११ मध्ये पैसा थांबला. हातात उरली हजारो पत्रे ठोकलेली घरं. लिव्हरपूलच्या ग्रॅनबीत उरलेल्या रहिवाशांनी फुटपाथवर कुंड्या मांडल्या, बंद खिडक्या रंगवल्या, स्वतःचा जमीन-न्यास काढला आणि गल्ली राखली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या असेंबल या गटाला २०१५ चं टर्नर पारितोषिक मिळालं, चित्रकला-शिल्पकलेचं पारितोषिक दुरुस्त केलेल्या घरांना!

सांगायचं इतकंच होतं की तिथे सही करणारा सापडलेला होता. मालक कौन्सिलच. एक पौंडात विकायला घर आधी आपलं असावं लागतं. माझ्या यादीतलं एकही घर आपलं नाही. हे मी बैठकीत जरा जास्तच सुनावलं बहुतेक. वरिष्ठांनी बाहेर आल्यावर पाणी दिलं.

मग दुसरा हमखास प्रश्न, घर ताब्यात का घेत नाही? घेता येतं. २००६ पासून व्यवस्थापन आदेशाची सोय आहे, ऑफिसात ईडीएमओ म्हणतात. मालकी मालकाचीच, पण कौन्सिल घर दुरुस्त करून सात वर्षांपर्यंत भाड्याने देते, भाड्यातून खर्च वळता करते. ट्रायब्युनलची मंजुरी लागते. २०१२ पासून अट कडक केली, दोन वर्षं रिकामं हवंच, शिवाय तोडफोड किंवा उपद्रव दाखवावा लागतो. देशभर मोजक्याच वेळा वापरलाय. आमच्याकडची भाडी पाहता छप्पर बदलण्याचा खर्च सात वर्षांत निघत नाही. सक्तीचं संपादनही आहे, १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याखाली, पण ते मंत्र्यांपर्यंत जातं आणि वर्ष-दोन वर्षं खातं. ही हत्यारं कपाटात असल्याचं मालकाला ठाऊक असणं, हाच त्यांचा मुख्य उपयोग.

७ ऑक्टोबर, सोमवार

मोजणीचा दिवस. या तारखेला आपल्याकडे किती घरं सहा महिन्यांहून जास्त रिकामी होती, तो आकडा सरकारला जातो. सगळ्या इंग्लंडची बेरीज अडीच लाखांच्या वर जाते. २००४ मध्ये ती तीन लाखांच्या पुढे होती, २०१६ च्या सुमारास दोन लाखांपर्यंत उतरली आणि मग पुन्हा चढली. तिकडे तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारी कुटुंबं एक लाखाहून जास्त. दोन्ही आकडे शेजारी ठेवून भाषण करायचा मोह सगळ्यांना होतो. पण घरं आहेत एका शहरात आणि कुटुंबं दुसऱ्याच, आणि माझ्या यादीतल्या बऱ्याच घरांत आज पाणीही चालू नाही.

आमचा आकडा यंदा उतरला. खरं सांगायचं तर त्यातली बरीच घट २ मेसारख्या फेऱ्यांची आहे. न्यू होम्स बोनसच्या, म्हणजे वाढलेल्या घरांमागे सरकारकडून कौन्सिलला मिळणाऱ्या पैशाच्या, हिशेबात रिकाम्या घरांतली घट नव्या घरांसारखी धरतात, त्यामुळे वित्त विभाग खूश. मला केक मिळाला. कोपऱ्याचं घर करमुक्त, म्हणून या मोजणीत धरलंच जात नाही, आणि बोनसमध्येही त्याने कुणाला कधी पैसा दिलेला नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्याचं घर उघडलं.

त्याआधी नोटिशीचा खेळ. मेलेल्या माणसाला नोटीस कशी बजावायची? '...यांचे वैयक्तिक प्रतिनिधी' असं लिहून घरावर, आणि एक प्रत लंडनला पब्लिक ट्रस्टीकडे. मृत्युपत्र नसेल तर वारस कागदोपत्री उभा राहीपर्यंत मालमत्ता कायद्याने त्यांच्याकडे असते, नावापुरती. नोटीस १९८४ च्या बिल्डिंग ॲक्टखाली, पन्हळ आणि सांडपाण्याची. मुदत संपली, उत्तर कुठून येणार! मग मॅजिस्ट्रेटकडून आत शिरायचं वॉरंट आणि किल्लीवाला.

कुलूप दोन मिनिटांत निघालं, दार मात्र ढकलेना. आत टपालाचा ढीग. मी एक हात आत घालून तो थराथराने बाहेर ओढला. वर पिझ्झाची पत्रकं, खाली जुन्या निवडणुकांची, त्याखाली वर्गणीची पाकिटं, सगळ्यात खाली ओलीने फरशीला चिकटलेलं एक पांढरं पाकीट, आमच्याच कौन्सिलचं. २०१३. 'आपला कर माफ करण्यात आला आहे.' कुणी उघडलेलं नव्हतं.

वरच्या खोलीत कबुतरांची विष्ठा पायरीच्या उंचीची. खाली स्वयंपाकघरात फळीवर विटकरी रंगाची धूळ, वाटलं गंजाची असेल. सर्वेक्षक म्हणाला, हात लावू नका, कोरडी कूज आहे. बुरशीचे बीजाणू. जमिनीखालच्या दोन तुळया त्याने स्क्रूड्रायव्हरने टोचल्या, लोण्यासारखा आत गेला. ती बुरशी विटांमधून पुढे सरकते, म्हणजे सामायिक भिंतीतूनही. शेजारच्या बाईंना हे कसं सांगायचं, याचा विचार करत बाहेर आले तर त्या फाटकात उभ्या, कबुतरं आता त्यांच्या छपरावर गेली म्हणून तक्रार करायला.

झाड काढलं, पन्हळ बसवली, काच लावली. खर्च घरावर बोजा म्हणून चढवला. वसूल होईल तेव्हा होईल. कुणीच पुढे आलं नाही तर १९२५ च्या मालमत्ता कायद्याने कौन्सिल बोज्यापोटी घर विकू शकते, उरलेले पैसे वारसासाठी राखून.

१० डिसेंबर, मंगळवार

लँड रजिस्ट्रीचा ३ पौंडांचा उतारा कालपासून ७ पौंड. नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही. हो, वारस शोधणाऱ्या एका फर्मला कोपऱ्याचं घर दिलं. ते आमच्याकडून काही घेत नाहीत, वारस सापडला तर त्याच्याकडून टक्केवारी घेतात. बाईंनी त्या ख्रिसमस कार्डांतलं एक जपून ठेवलं होतं. मागे शहराचं नाव आणि सही, आडनाव नाही.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

रविवारवाल्या गृहस्थांचा फोन. आवाज ओळखता आला नाही. थंडीत त्यांनी रस्त्याकडचा मुख्य कॉक बंद केला होता, पण माळ्यावरची टाकी रिकामी केली नव्हती. नळी फुटली, टाकी आईच्या खोलीत उतरली, छत पलंगावर. विमा? साध्या पॉलिसीत घर तीस किंवा साठ दिवसांहून जास्त रिकामं असेल तर पाण्याचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यांच्याही पॉलिसीत तसंच होतं, आणि एवढी वही ठेवणाऱ्याने ते पान वाचलं नव्हतं.

मी गेले. कराबद्दल दोघंही बोललो नाही. ओला गालिचा दोघांनी मिळून जिन्यावरून खाली आणला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भाची सापडली. बहीण आधीच वारली होती, घरमालकाला बायको, मुलं, आईवडील कुणी नाही, म्हणजे वारसाक्रमाने भावंडांच्या मुलांकडे येतं. कुणीच नसतं तर मालमत्ता राजमुकुटाकडे गेली असती. तिला वाटत होतं मामा भाड्याच्या घरात राहत होता. बारा वर्षं तिच्या मालकीचं घर होतं आणि तिला पत्ता नव्हता! ऑनलाइन बोललो. तिने घर पाहायला मागितलं, मी नोव्हेंबरचे फोटो दाखवले, स्वयंपाकघराचा मात्र गाळला. नंतर तोही पाठवला, लपवून कसं चालेल.

तिला विकायचंय. वारस म्हणून कोर्टाचं पत्र काढायला वकील नेमला.

१ एप्रिल, मंगळवार

नव्या सवलती आजपासून. घर विकायला किंवा भाड्याने द्यायला खरोखर काढलेलं असेल, किंवा मोठी दुरुस्ती चालू असेल, तर बारा महिन्यांपर्यंत अधिभार नाही. आजपासून दुसऱ्या घरांवरही अधिभार लावता येतो, तो आमच्या भागात फारसा लागू नाही, इथे सुट्टीला कोण येतं.

रविवारवाल्यांच्या दारात 'विकणे आहे'चा बोर्ड लागला. किंमत गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा बरीच वर. वाजवी किमतीला विकायला काढलं पाहिजे अशी अट आहे, तेव्हा टॅक्सवाली सहकारी विचारत होती, हे सवलतीसाठीचं नाटक का? मला नाही वाटत. त्यांना बहुतेक ती किंमत खरीच वाटते. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असं सांगितलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

कोपऱ्याचं घर जुलैत लिलावात गेलं, एका स्थानिक बिल्डरला. व्यवहार पूर्ण होताना वकिलाने पन्हळीचा बोजा आमच्या खात्यात भरला, पेन्नीसकट. लँड रजिस्ट्रीत पहिल्यांदा नोंद होतेय.

बिल्डर आज हादरून फोनवर. चौपट कर! अधिभार घराच्या रिकामेपणाला चिकटतो, माणसाला नाही. नवा मालक जुनी वर्षंही विकत घेतो. मोठ्या दुरुस्तीची सवलत सांगितली, फॉर्म पाठवला, शांत झाला. मग त्याने विचारलं, दोन वर्षांहून जास्त रिकाम्या घराच्या दुरुस्तीवर व्हॅट २० ऐवजी ५ टक्के लागतो ना? लागतो. पण रिकामं होतं याचा पुरावा हवा, आणि एम्प्टी होम्स ऑफिसरचं पत्र त्याला चालतं.

पुरावा म्हणून टॅक्सचा उतारा काढला. २०१३ पासून क्लास एफ, दर वर्षाला एक ओळ, दर ओळीला शून्य. एकही खंड नाही. ज्या नोंदीमुळे हे घर मला दिसलं नाही तीच पत्रासोबत जोडली, सही केली, पाठवलं.

रविवारवाल्यांनी किंमत एकदा उतरवलीय. रीडिंग अजून घेतात. शेजारच्या बाईंची भिंत सोमवारी बिल्डर उकरणार आहे, त्या वेळी मी तिथे असावं असं त्यांचं म्हणणं. सोफा हलवायला दोन माणसं लागतील.